आठ महिने ‘प्रात’ वापरल्यावर

मी लातूर जिल्ह्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात इंग्रजी शिकवते. एम.ए.ला असताना फिलर (बोलताना मधे येणारं ‘अं’, ‘म्हणजे’), बॅकचॅनल (ऐकणाऱ्यानं दिलेला हुंकार), ऍस्पिरेशन (उच्चारातला श्वास), कोड-स्विचिंग (बोलता बोलता भाषा बदलणं) अशा भाषाशास्त्रातल्या संज्ञा घोकल्या, पेपरात लिहिल्या, पुढं कधी कामाला आल्या नाहीत. गेल्या जूनमध्ये लॅपटॉपवर ‘प्रात’ घेतलं आणि आता त्याच संज्ञा मला वर्गात रोज लागतात.

‘प्रात’ हे आवाजाचं विश्लेषण करणारं सॉफ्टवेअर. ऍमस्टरडॅम विद्यापीठातल्या पॉल बोर्स्मा आणि डेव्हिड वेनिंक यांनी ते तयार केलं. फुकट आहे, जुन्या लॅपटॉपवरही चालतं. सुरुवातीचे पंधरा दिवस मात्र जीव मेटाकुटीला आला. उघडलं की दोन खिडक्या समोर येतात आणि हात कुठं घालावा ते कळत नाही. मोबाइलवरचं एमफोरए (.m4a) प्रकारातलं रेकॉर्डिंग घेईना, प्रत्येक फाइल आधी वेव्ह (.wav) प्रकारात बदलावी लागली. पंखा चालू असला की त्याची घरघर पडद्यावरच्या आवाजाच्या सगळ्या चित्रावर पसरते. ऑक्टोबरच्या उकाड्यात पंखा बंद करून पोरांना बोलायला बसवलं. पालकांना आधी विचारलं होतं.

खरा फरक पडला तो ‘टेन’ या एका शब्दानं. पडद्यावर ‘ट’ फुटल्याची बारीक उभी रेघ दिसते आणि स्वर सुरू झाला की नियमित पट्टे दिसायला लागतात. या दोहोंमधलं अंतर म्हणजे व्हॉइस ऑनसेट टाइम. आमच्या एका मुलीचं ते १५ मिलिसेकंदांच्या आसपास भरलं, ब्रिटिश आवाजातल्या नमुन्यात ७० च्या जवळ. ती मधली जागा श्वासाची. ऍस्पिरेशन म्हणतात ते हेच! आपल्याकडं ‘पळ’ आणि ‘फळ’ यांत हाच श्वास अर्थ बदलतो. इंग्रजीत तो ‘पिन’मध्ये येतो, ‘स्पिन’मध्ये गळतो, आणि बोलणाऱ्याला पत्ताही नसतो. अल्पप्राण-महाप्राण पोरांना मराठीच्या तासाला माहीत झालेलेच असतात, त्यामुळं दोन मिनिटांत समजलं. इतकी वर्षं मी “ट जोरात म्हण” सांगत होते. जोराचा तिथं संबंधच नव्हता.

दुसरी कामाची गोष्ट म्हणजे ‘प्रात’मधली टेक्स्टग्रिड ही सोय. प्रत्येक बोलणाऱ्यासाठी आवाजाखाली वेगळी पट्टी करून त्यात शब्द भरायचे. वेळखाऊ काम आहे, दोन मिनिटांच्या गप्पांना माझी अख्खी संध्याकाळ जाते. पण दोन मुलींच्या इंग्रजी संवादात एकीचं ‘हं’, ‘हौ’ दुसरीच्या वाक्यावर नेमकं कुठं पडतं ते दिसलं. बोलणारी थांबली नव्हती, तिची बोलण्याची पाळी कुणी घेतली नव्हती. ते बॅकचॅनल होतं, आणि मी “मधे बोलू नको” म्हणून तिचे गुण कापले होते. ते परत दिले.

स्वरपट्टी, म्हणजे आवाजाचा चढउतार दाखवणारी निळी रेघ, काढताना जपावं लागतं. किती खालपासून किती वरपर्यंतचा आवाज मोजायचा ही मर्यादा नीट लावली नाही तर मुलींचा आवाज मधेच निम्म्यावर घसरलेला दाखवतो. मूळ रेकॉर्डिंग कानानं ऐकल्याशिवाय त्या निळ्या रेघेवर विसंबू नका.

अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ विल्यम लबॉव यांनी १९६२ साली न्यूयॉर्कच्या तीन दुकानांत चौथ्या मजल्यावरच्या वस्तूंची चौकशी करून ‘फोर्थ फ्लोअर’ हे शब्द वदवून घेतले आणि त्यातला ‘र’ कोण उच्चारतं, कोण गाळतं ते टिपलं. महागड्या दुकानात तो जास्त ऐकू आला. हे वर्गात सांगितल्यावर बारावीतला एक मुलगा म्हणाला, “मॅडम, आपलं बी तसंच हाय की.” त्यानं स्वतःचंच रेकॉर्डिंग आणलं. भावाला फोनवर “अभ्यास करायलो”, आणि पुण्याच्या मामींचा फोन आला तर “अभ्यास करतोय”. मधे पाच मिनिटंसुद्धा नव्हती. पुढच्या जूनमध्ये भाषाभेदाचा पहिला तास मी त्याच फाइलनं सुरू करणार आहे, त्यानं होकार दिलाय.