गार्मिन वारिया आरटीएल५१५: हायवेला उपयोगी, पेठांत नुसती कटकट

मोटारींच्या रस्त्यावरच सायकल चालवायची, तर मागचं मान न वळवता कळायला हवं. मान वळली की हँडलही नकळत तिकडे जातं. टेललाइट आणि रडार एकाच डबीत असलेला वारिया नेमकं तेवढं काम करतो. मागच्या १४० मीटरपर्यंतच्या गाड्या तो टिपतो आणि सायकल कॉम्प्युटरवर किंवा मोबाइलवर ठिपक्यांनी दाखवतो.

एक्सप्रेसवेवर सायकलला बंदी, त्यामुळे पुण्याहून लोणावळ्याला जायचं तर जुना हायवेच. तिथे ट्रक ताशी ६० ने आणि सायकल २० ने चालली असेल, तर साधारण १२ सेकंद आधी सूचना मिळते. खड्डा चुकवायला उजवीकडे यावं की वेग कमी करावा, हे ठरवायला तेवढा वेळ भरपूर झाला.

पण रडारला वळणापलीकडचं दिसत नाही, म्हणून ताम्हिणीसारख्या घाटात त्याच्या भरवशावर राहू नये. गाडी मागे येऊन तुमच्याच वेगाने चालू लागली, तर तिचा ठिपका पुसला जाऊ शकतो. तेव्हा स्क्रीनवर हिरवा रंग दिसला म्हणजे मागे कोणी नाही, असं धरून चालायचं नाही. गाडी किती जवळून ओव्हरटेक करणार, हेही तो सांगत नाही. राँग साइडने समोरून येणाऱ्या दुचाकीचं तर विचारूच नका.

लक्ष्मी रोडसारख्या गर्दीत बीप थांबतच नाही आणि मग आपण त्याकडे दुर्लक्ष करायला लागतो. रोजचं ऑफिस शहरातच असेल, तर एवढे पैसे घालू नका. हँडलच्या उजव्या टोकाला बहिर्गोल आरसा आणि मागे एक चांगला लाल दिवा लावला की भागतं.

बसवताना डबी सीटपोस्टवर, म्हणजे सीटखालच्या दांड्यावर, जमिनीपासून २५ ते १२० सेंटीमीटर उंचीवर आणि सरळ उभी हवी. ती तिरपी बसली किंवा कॅरियरवरची बॅग आड आली, की रडार आंधळं झालंच म्हणून समजा. दिवसाच्या फ्लॅशवर बॅटरी १६ तास चालते, सलग दिव्यावर ६ तास. ग्रुप राइडला मंद प्रकाशाचा पेलोटॉन मोड लावा, मागच्याच्या डोळ्यांवर येत नाही. पाऊस त्याला सोसतो, मात्र चार्जिंगच्या खाचेवरचं रबरी झाकण घट्ट बसलंय ना, ते आधी बघा. केबल मायक्रो यूएसबीची लागते, मोबाइलची टाइप-सी चालणार नाही.