थेट दहन: दवाखान्यातून सरळ दाहिनीत

मांडव नाही, तिरडी नाही, पाव्हण्यांची वाट पाहत दारात दिवसभर ठेवणं नाही. शववाहिनी दवाखान्यातून निघते ती गॅसदाहिनीपाशीच थांबते, सोबत घरची चार-पाच माणसं. परदेशात कंपन्या हेच ठरलेल्या दरात विकतात. मराठवाड्यात असं तयार काही मिळत नाही. पालिकेची गाडी, पालिकेची दाहिनी आणि घरातला एक खमक्या माणूस, एवढ्यावर ते जुळवावं लागतं. जुळलं तर पैशाच्या आणि दगदगीच्या हिशेबात याच्यापेक्षा बरं काही नाही. बिघडतं ते बहुतेक वेळा दाहिनीपर्यंत पोचण्याआधीच.

दाहिनी मोठ्या शहरांतच सापडते, तालुक्याला अजून सरणच. शहरात आहे म्हणजे ती चालू असेल असंही नाही. म्हणून गाडी बोलावण्याआधी स्मशानभूमीत फोन करून तीन गोष्टी विचारा: आज चालू आहे का, पुढे किती नंबर आहेत, जनरेटर आहे का आणि त्यात डिझेल आहे का. तिसरा प्रश्न विचारायला लाजू नका. गॅस भरपूर असला तरी हवा मारणारा ब्लोअर विजेवर चालतो. लाईट गेली की बर्नर बंद. जनरेटर नसेल तर लाईट येईपर्यंत नातेवाइकांसमोर काम अर्धवट पडून राहतं.

एका दहनाला साधारण दीड ते दोन तास लागतात, नंतर ट्रे साफ करायचा वेळ वेगळा. तिसरा नंबर असेल तर पाच तास धरा, आणि तेवढा वेळ देह दवाखान्याच्या शवागारातच राहू द्या. मे महिन्यात बेचाळीस डिग्रीत गाडीत ठेवून ताटकळू नका. फ्रीजरच्या शवपेटीत बराच वेळ गारठलेला देह जळायला जास्त वेळ घेतो, हे ऑपरेटरला आधीच सांगा. त्या मानाने सरणाला तीन-चार क्विंटल लाकूड, वर गोवऱ्या, आणि पूर्ण विझेपर्यंत दिवस जातो. श्रावणात ओली बाभूळ पदरात पडली तर डिझेल ओतत बसावं लागतं. या बाबतीत दाहिनी सरस आहे, वाद नाही.

देहाची तयारी घाईत करू नका. छातीत पेसमेकर असेल तर तो दवाखान्यातच काढून घ्या. आत त्याची बॅटरी फुटते, भट्टीच्या विटा उडतात, ऑपरेटरला इजा होऊ शकते. छातीत हृदयाला विजेचा झटका देणारं यंत्र असेल तर डॉक्टरांनी ते आधी बंद करून मगच काढायचं. जोडवी, मंगळसूत्र, अंगठ्या उतरवा. चांदी ९६१ अंशांना वितळते, आत गेलेलं जोडवं परत मिळत नाही. अंगावर सुती पांढरं कापडच हवं, नायलॉनची साडी वितळून चिकटते. तिरडीचे बांबू, नारळ, काचेची बाटली यांतलं काहीही आत जाऊ नये, ही सगळी फुटतात. तुपाचा डबा उलटा करायचा आग्रह कुणी धरलाच तर हात जोडून थांबवा, दारातच भडका उडतो. ट्रॉली आत ढकलायच्या आधी छातीवर कापराची एक वडी ठेवून अग्नी देता येतो, बहुतेक घरांचं तेवढ्यावर समाधान होतं.

कागद हा सगळ्यात किचकट भाग. मृत्यूच्या कारणाचा डॉक्टरी दाखला लागतो: दवाखान्यात मृत्यू झाला तर नमुना ४, घरी झाला तर शेवटच्या आजारात उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून नमुना ४अ. हा दाखला द्यायला कायद्याने फी घेता येत नाही. सोबत मयताचं आणि अर्जदाराचं आधार. अपघात, विषबाधा, संशय असं काही असेल तर पोलिसांचा पंचनामा आणि शवविच्छेदन झाल्याशिवाय दाहिनीत घेत नाहीत, तिथे वशिला लावू नका. बिलापोटी मृतदेह अडवून ठेवता येत नाही, रुग्णहक्कांच्या सनदेत ते स्पष्ट आहे. १०८ची गाडी मृतदेहासाठी नसते, शववाहिनीच मागवा.

स्मशानभूमीची पावती जपून ठेवा. मृत्यूची नोंद २१ दिवसांत करायची आणि ती जिथे मृत्यू झाला तिथे. छत्रपती संभाजीनगरच्या दवाखान्यात माणूस गेला तर गावच्या ग्रामपंचायतीत नोंद होत नाही. त्यासाठी हेलपाटे मारणारे कमी नाहीत. नाव आधारवर आहे तसंच लिहून घ्या. आधारवर विठ्ठलराव, सातबारावर विठ्ठल आणि दाखल्यात विठल, एवढ्यावरून वारसाचा फेरफार अडतो.

भावकीचं काय? ‘आम्हाला मातीलाही बोलावलं नाही’ हा राग ठरलेला. त्यावर इलाज एकच: इच्छा आधी लिहून ठेवणं. मृत्युपत्रात नको, ते उघडेपर्यंत तेरावा उरकलेला असतो. वेगळ्या कागदावर चार ओळी, खाली सही आणि तारीख, एक प्रत आधारच्या झेरॉक्सला जोडून, एक डॉक्टरांकडे. निरोपही त्याच भाषेत पाठवा: ‘त्यांच्या इच्छेप्रमाणे अंत्यविधी आज झाला. भेटायला रविवारी या.’ दिवस दिला की निम्मा राग ओसरतो.

सावडायला तिसऱ्या दिवसापर्यंत थांबायची गरज नाही, अस्थी त्याच दिवशी मिळतात, दोन-तीन किलो. आधीचा ट्रे साफ झालाय का ते स्वतः बघा. खुब्यात बसवलेली वाटी किंवा मांडीतला रॉड राखेत तसाच निघतो, घाबरू नका. राख तासभर आतून गरम असते. मडकं किंवा स्टीलचा डबा न्या, प्लॅस्टिकची पिशवी वितळते. पैठण किंवा गंगाखेडला गंगेवर, म्हणजे गोदावरीवर, नेणार असाल तर उन्हाळ्यात पाणी आहे का ते आधी विचारा, बंधाऱ्याच्या डबक्यात टाकण्यात अर्थ नाही.

लिंगायत, महानुभाव आणि दफन करणाऱ्या इतर घरांना यातली शववाहिनी आणि कागदपत्रंच कामाची. गावात स्वतःची शेड असेल आणि वाळलेलं लाकूड घरचंच असेल, तर दाहिनीसाठी देह ऐंशी किलोमीटर शहरात नेणं परवडत नाही.