से, टेल, स्पीक की टॉक? क्रियापदाच्या पुढे काय येतंय ते आधी बघा

म्हणणे, सांगणे, बोलणे ही तीन क्रियापदं मराठी माणूस न अडखळता वापरतो. इंग्रजीतली से, टेल, स्पीक आणि टॉक त्यांच्याशी बऱ्यापैकी जुळतातही. तरी वाक्यं चुकतात, कारण अर्थ नीट कळला तरी क्रियापदाला लागून काय ठेवायचं ते ठाऊक नसतं.

टेलच्या पुढे लगेच माणूस लागतो: ‘ही टोल्ड मी दॅट द ट्रेन वॉज लेट’. माणूस गाळून ‘ही टोल्ड दॅट...’ म्हटलं की वाक्य लंगडं पडतं. सेच्या पुढे म्हटलेली गोष्ट येते: ‘ही सेड द ट्रेन वॉज लेट’. ऐकणारा दाखवायचाच असेल तर ‘सेड टू मी’. ‘सेड मी’ कधीच नाही. नुसता निरोप किंवा माहिती पोचवायची असेल, तर टेल घ्या, वाक्य सुटसुटीत होतं.

सगळ्यात जास्त ऐकू येणारी चूक म्हणजे ‘ही टोल्ड टू मी’. हा आपल्या ‘ला’चा प्रताप. ‘मला सांगितलं’, ‘त्याला विचारलं’ यातला ‘ला’ दिसला की हात आपोआप ‘टू’कडे जातो. टेल आणि आस्क या दोघांनाही तो नको: ‘टेल हिम’, ‘आस्क हिम’. गंमत म्हणजे जिथे ‘टू’ खरोखर हवा, तिथे आपण तो खातो. ‘एक्स्प्लेन मी’, ‘सजेस्ट मी अ गुड हॉटेल’ ही दोन्ही चूक. ‘एक्स्प्लेन इट टू मी’ बरोबर, आणि सजेस्टच्या वाक्यात ‘मी’ गाळून नुसतं ‘कॅन यू सजेस्ट अ गुड हॉटेल’ म्हणा. ‘द डॉक्टर टोल्ड मी टू रेस्ट’ इथला ‘टू’ मात्र पुढच्या क्रियापदाचा आहे, त्याला हात लावू नका. असं कुणाला काही करायला सांगायचं असेल तर टेलच वापरा.

टेल माणसाशिवायही चालतं अशा काही ठरलेल्या जोड्या आहेत: टेल अ लाय, टेल द ट्रुथ, टेल अ स्टोरी, टेल अ जोक. आपण ‘खोटं बोलतो’ म्हणून ‘ही स्पीक्स लाइज’ करायचा मोह होतो. ‘ही टेल्स लाइज’ किंवा सरळ ‘ही इज लाइंग’ म्हणा. ‘मला सांगण्यात आलं’ म्हणजे ‘आय वॉज टोल्ड’, ‘असं म्हणतात’ म्हणजे ‘इट इज सेड’ किंवा ‘दे से’. पाटीवर काय लिहिलंय हे सांगतानाही सेच: ‘द बोर्ड सेज नो पार्किंग’. उच्चार ‘सेझ’, आखूड. ‘से’ लांबवून त्याला ‘झ’ जोडू नये.

स्पीक आणि टॉक यांत निवड त्या मानाने सोपी, बऱ्याच ठिकाणी दोन्ही खपतात. भाषा येते की नाही हे सांगताना मात्र फक्त स्पीक: ‘शी स्पीक्स कन्नड’. सभेत एकाने बोलायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं, तर स्पीक. दोघांच्या गप्पा असतील तर टॉक. फोनवर ‘मे आय स्पीक टू...’ असं विचारतात आणि समोरचा नुसतं ‘स्पीकिंग’ म्हणतो. ‘द मॅनेजर वॉन्ट्स टू स्पीक टू यू’ हे टॉकपेक्षा जरा गंभीर वाटतं, पोटात गोळा आणणारं.

स्पीक आणि टॉक या दोघांच्याही पुढे ‘दॅट’ लावून म्हटलेली गोष्ट ठेवता येत नाही. मुंबईकडे ‘तो बोलला की उद्या येतो’ सर्रास चालतं आणि त्यातूनच ‘ही स्पोक दॅट...’ जन्मतं. तपासायला एक युक्ती: ‘बोलला’च्या जागी ‘म्हणाला’ बसत असेल, तर इंग्रजीत सेड. ‘तो बराच वेळ बोलला’ इथे ‘म्हणाला’ बसत नाही, म्हणून स्पोक किंवा टॉक्ड.

ऑफिसात खरी गाठ पडते ती डिस्कसशी. ‘चर्चा केली’ हा अर्थ त्यात पुरा आहे, म्हणून विषय थेट येतो: ‘वी डिस्कस्ड द बजेट’. ‘डिस्कस्ड अबाउट’ येतं ते ‘टॉक अबाउट’ आणि ‘अ डिस्कशन अबाउट’ यांच्या संगतीने. त्या दोन्ही ठिकाणी अबाउट रास्त आहे. मेन्शनलाही अबाउट नको. शिवाय डिस्कसला विषय लागतोच. ‘लेट्स डिस्कस टुमॉरो’ अर्धवट राहतं. ‘लेट्स डिस्कस इट टुमॉरो’ लिहा, नाहीतर ‘लेट्स टॉक टुमॉरो’.

मेलला उत्तर देण्यासाठी ‘रिप्लाय टू द मेल’, पण ‘आन्सर द मेल’, ‘टू’शिवाय. ‘प्लीज रिव्हर्ट’ भारतात सगळ्यांना कळतं. परदेशी ग्राहकाला लिहिताना टाळावं, कारण त्याच्या लेखी रिव्हर्ट म्हणजे पूर्वस्थितीला जाणं.