फोम ठणठणीत, वेल्क्रोनेच सोडली साथ: डीए पॉलिशरच्या फोम पॅडचा काही महिन्यांचा अनुभव

हा रिव्ह्यू खरं तर अजून थोडं वापरून मग लिहिणार होतो, पण परवा डीए पॉलिशरने (गाडीचा पेंट चमकवायचं मशीन) बॉनेट पॉलिश करताना पॅडचा फोम एकीकडे आणि त्याला मशीनच्या प्लेटवर धरून ठेवणारा मागचा वेल्क्रो एकीकडे झाला, आणि वर विकणाऱ्याचं उत्तर आलं की "सर, पॅड कन्झ्युमेबल आहे, वॉरंटीत बसत नाही". मग म्हटलं आत्ताच लिहून टाकू.

कन्झ्युमेबल आहे हे मलाही कळतं हो. फोम झिजला असता, कडा फाटल्या असत्या तर एक अक्षर बोललो नसतो. पण फोम अजून मस्त आहे, दाबला की लगेच वर येतो, कटही (म्हणजे पेंटवरचे ओरखडे घासून काढणं) व्यवस्थित देतोय, फक्त मागचा गोंद सुटला. चप्पल नवीकोरी आणि अंगठा तुटलेला, असला प्रकार. फोटो पाठवले तर म्हणे तुम्ही स्पीड जास्त ठेवला असेल. मशीनवर 6 आकडे आहेत, मी 4 ते 5 वर चालवतो, कटिंगला बहुतेक सगळे तिथेच चालवतात, आणि पाकिटावर स्पीडची मर्यादा कुठेही छापलेली नाही. हे दाखवल्यावर पलीकडून शांतता.

मशीन साधं आहे, 8 एमएम थ्रोचं (म्हणजे हेलकाव्याचा व्यास 8 एमएम) डीए, पॅड जिला लावतात ती प्लेट 5 इंची, पॅड साडेपाच इंची. डीए म्हणजे ड्युअल अॅक्शन, प्लेट गोल फिरते आणि सोबत हेलकावतेही; कंपाउंड म्हणजे ओरखडे घासून काढणारी भरड पेस्ट आणि पॉलिश त्याहून बारीक, याहून जास्त उगाळत नाही.

नवीन माणूस पॅड घेताना पहिल्यांदा रंग बघतो आणि तिथेच सगळा घोळ होतो. रंगाचं कुठलंही एक स्टँडर्ड नाही. लेक कंट्री या कंपनीच्या नेहमीच्या फोम पॅडमध्ये पिवळा म्हणजे कटिंग, नारिंगी हलकं कटिंग, पांढरा पॉलिशिंग आणि काळा फिनिशिंग. रुपेस या दुसऱ्या कंपनीकडे निळा सगळ्यात कडक, मग हिरवा, आणि पिवळा चक्क फाइन! म्हणजे कुणी सांगितलं "पिवळा घे" तर आधी विचारा कुणाचा पिवळा. आणि बिननावाचे जे सेट मिळतात त्यात तर रंग निव्वळ शोभेला, माझ्या एका सेटमधले दोन वेगवेगळ्या रंगांचे पॅड बोटांनी दाबून बघितले तर अगदी सारखेच मऊ. त्यामुळे पाकिटावर कटिंग, पॉलिशिंग, फिनिशिंग असं स्पष्ट लिहिलेलं असेल तरच घ्या.

साइझचं थोडक्यात. पॅड प्लेटपेक्षा थोडं मोठं हवं, म्हणजे प्लेटची कड पेंटला लागत नाही. पण फार मोठंही नको, कारण छोट्या मशीनवर मोठं पॅड लावलं की ते फिरायचंच थांबतं, नुसतं जागेवर थरथरतं, आणि आपल्याला वाटतं काम चाललंय. प्लेटच्या कडेला मार्करने एक रेघ मारून ठेवा, ती फिरताना दिसली तर पॅड फिरतंय. फुकटचा उपाय आहे आणि मशीनसोबत आलेल्या सगळ्या अॅक्सेसरीजपेक्षा जास्त उपयोगी.

आता परत वेल्क्रोवर येतो, कारण माझं डोकं तिथेच अडकलंय.

गोंद सुटतो तो बहुतेक वेळा मधून, कडेने नाही. पॅड हलतं तेव्हा उष्णता मध्यभागी साठते, फोम स्वतः उष्णता बाहेर जाऊ देत नाही आणि मधे हवा खेळायला जागाच नसते. त्यात पॅड जाड असेल तर प्लेट हलते एक आणि पेंटला टेकलेला फोम हलतो वेगळं, हा जो फरक पडतो तो फोम आतल्या आत रगडून घेतो आणि तापतो. मशीन जोरात दाबलं किंवा बंपरच्या गोलाईवर तिरकं धरलं की फिरणं बंद, थरथर चालू, म्हणजे अजून ताप. आणि हे सगळं पोचतं कुठे तर गोंदाच्या थरापर्यंत. म्हणूनच चांगल्या पॅडला मधे भोक असतं, प्लेटवर सेंटर करायलाही त्याचा उपयोग होतो आणि गरम हवेलाही वाट मिळते. माझं जे सुटलं त्याला भोक नव्हतं. भोक असलेलं दुसऱ्या ठिकाणचं एक पॅड तेवढंच वापरलंय, तेच कंपाउंड, तीच गाडी, ते अजून टकाटक आहे. विकणाऱ्याला हेही लिहिलं, त्यावर "फीडबॅक टीमला कळवतो".

जाडीबद्दल मात्र माझं मत वापरता वापरता पूर्ण फिरलं. सुरुवातीला जाडजूड पॅड हातात घेतलं की बरं वाटायचं, एवढा फोम आहे तर पैसे वसूल होतील असा हिशोब. पातळ पॅड दिसायला केविलवाणं. पण पातळ पॅड मशीनची हालचाल पेंटपर्यंत जास्त पोचवतं, कमी तापतं, आणि 8 एमएमच्या मशीनला तर ते फारच जमतं, कट लगेच जाणवतो. जाड पॅडचा फायदा फक्त वळणदार भागावर, तिथे ते वाकून बसतं. त्यामुळे बॉनेट, छत, दरवाजे पातळ पॅडने आणि बंपरला जाड, असं आता चाललंय.

फिनिशिंग पॅडबद्दलही आधी कुरकुर होती, की हे सेटमध्ये उगाच टाकलंय, स्वर्ल (पेंटवरचे गोल गोल बारीक ओरखडे) तर काहीच निघत नाहीत. ते त्याचं कामच नाही म्हणा. पण गडद रंगाच्या गाडीवर कटिंगनंतर जी धुरकट झाक राहते ती उन्हात दिसते, आणि ती घालवायला हेच लागतं. पांढऱ्या गाडीवर ते पाकिटातच राहिलं तरी चालेल.

कंजूष माणसाने, म्हणजे माझ्यासारख्याने, पाच प्रकारचे पॅड एकेक घेण्यापेक्षा एकाच मीडियम पॉलिशिंग पॅडचे चार-पाच घ्यावेत. एकाच पॅडने अख्खी गाडी करायला गेलं की ते कंपाउंड आणि निघालेल्या क्लिअर कोटने (रंगावरचा पारदर्शक थर) गच्च भरतं, ओलं होतं, तापतं, मग कट कमी होतो, मग आपण दाबतो, आणि मग परत तोच गोंद. आलटून पालटून वापरले तर प्रत्येक पॅड थंड व्हायला वेळ मिळतो. मीडियमने काम होत नसेल तरच कटिंगकडे जा, तेही आधी एका छोट्या जागेवर ट्राय करून. क्लिअर कोट साधारण 40-50 मायक्रॉनचा असतो, तो काही परत उगवत नाही. मायक्रोफायबर पॅड कट जास्त देतात पण पहिल्या खरेदीत त्यांच्या नादी लागू नका.

दोन बाय दोन फुटाचा एक भाग झाला की पॅड ब्रशने झटकायचं, हे मी आळसाने न टाळता करतो आणि फरक दिसतो. नवीन पॅडला सुरुवातीला सगळीकडे पॉलिशचा हलका हात द्यायचा, नंतर चार-पाच वाटाण्याएवढे थेंब पुरतात, जास्त टाकलं की नुसतं लडबडतं. धुताना कोमट पाणी आणि सौम्य साबण, कडक डिग्रीझरमध्ये (तेलकटपणा काढणारं रसायन) तासनतास भिजत घालू नका, गोंद तिथेच नरम पडतो. वाळवताना वेल्क्रो वरच्या बाजूला, म्हणजे पाणी फोममधून खाली निथळतं. काढताना गरम पॅड खसकन ओढायचं नाही, थंड होऊ द्यायचं आणि कडेने बोटं घालून वेल्क्रोसकट सोलायचं. आणि काम झाल्यावर पॅड मशीनलाच लावून मशीन त्याच्यावर टेकवून ठेवायचं नाही, फोम चेपतो. प्लेटचे हूकही अधूनमधून बघा, ताप लागून ते आडवे झाले असतील तर नवीन पॅडसुद्धा उडणार आणि शिव्या पॅडला पडणार. माझे बघितले, उभे आहेत, म्हणजे ती पळवाट विकणाऱ्याला नाही.

सुटलेलं पॅड परत चिकटवून मशीनवर लावायच्या फंदात पडू नका. सेंटर जरा हललं की मशीन हातात नाचतं, आणि चालू असताना निघालं तर प्लेट थेट पेंटवर. मी त्या फोमचे कापून तुकडे केलेत, हँडलच्या मागे आणि आरशाच्या खाली मशीन जात नाही तिथे हाताने पॉलिश करायला चालतात. सुटलेल्या वेल्क्रोचा फोटो परत एकदा पाठवलाय, या वेळी भोक असलेल्या पॅडच्या शेजारी ठेवून, उत्तर आलं की इथेच खाली टाकतो.