रमणमळा की आर. के. नगर? कोल्हापुरात घर घेण्याआधी

कोल्हापुरात घर शोधणारे बरेच जण फिरून फिरून दोन ठिकाणी येऊन अडतात. पंचगंगा नदीच्या अंगाला नागाळा पार्क-रमणमळा आणि वरच्या अंगाला आर. के. नगर-मोरेवाडी. दर, चटई क्षेत्र, बँकेचं कर्ज हे सगळं तुम्ही तपासलं असेलच. त्यामुळे ते सोडून राहायला गेल्यावर काय होतं तेवढंच पाहू.

रमणमळ्याचं सुख खरं आहे. सपाट रस्ते, जुनी झाडी, कलेक्टर ऑफिस आणि जिल्हा परिषद हाकेच्या अंतरावर, सीपीआर हे सरकारी रुग्णालय दहा मिनिटांत. घरात सत्तरीपुढचं माणूस असेल तर सकाळी चालायला सपाट रस्ता मिळणं ही फार मोठी गोष्ट आहे. आर. के. नगरला चढ आहे, गुडघे बोलतात आणि गाडीशिवाय पान हलत नाही.

आता पंचगंगा. राजाराम बंधाऱ्यावर 39 फुटांना इशारा, 43 ला धोका, हे इथल्या पोरांनाही पाठ असतं. 2019 ला पाणी 55 फूट 7 इंचांवर गेलं आणि 2021 ला 56 फूट 3 इंचांवर. नदी एकदम अंगावर येत नाही, इंचाइंचाने चढते. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे किती उघडले ते कळतं, सुतारवाड्यातली कुटुंबं चित्रदुर्ग मठात हलल्याची बातमी येते. सामान वर चढवायला वेळ मिळतो. म्हणून बरेच जण म्हणतात, तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट घ्या, काही होत नाही.

माझं मत इथेच बदललं. फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर असला तरी त्याचे प्राण तळमजल्यावर असतात. मीटर बोर्ड, पाण्याची मोटर, जमिनीखालची टाकी, लिफ्टचा खड्डा आणि ड्रेनेजचं चेंबर. यातलं चेंबर सगळ्यात आधी दगा देतं.

नदी चढली की जयंती नाल्याचं पाणी तिच्यात उतरत नाही, नाल्याला फूग येते, म्हणजे पाणी मागे तुंबतं. ड्रेनेजच्या लाइन भरतात आणि पाणी उलट्या वाटेने येतं. रस्ता अजून कोरडा असतो, पण तळमजल्याच्या संडासात गुडगुड आवाज येतो, न्हाणीच्या जाळीतून काळं पाणी वर येतं. उपाय म्हणून शेवटच्या चेंबरवर नॉन रिटर्न व्हॉल्व्ह बसवतात. बसवावाच. पण त्याची झडप बंद झाली की बाहेरचं आत येत नाही, तसं आतलंही बाहेर जात नाही. वरच्या मजल्यावर कुणी फ्लश केला की ते पाणी आतल्या चेंबरात साठतं आणि तळमजल्यावरच्या घरात निघतं. म्हणजे पाणी उतरेपर्यंत बिल्डिंगमधल्या सगळ्यांनी संडास बंद ठेवायचे. चार दिवस हे सगळ्यांना जमत नाही आणि मग शेजाऱ्याशेजाऱ्यांत भांडणं लागतात. त्यात झडपेत चिंधी किंवा केस अडकले की ती पूर्ण मिटतच नाही. मे महिन्यात उघडून साफ केली नाही तर ती असून नसल्यासारखीच.

पाणी उतरल्यावर दुसरं काम सुरू होतं. गाळ ओला असतानाच ओढून काढावा लागतो, वाळला की कुदळ घ्यावी लागते. खालची टाकी उपसून घासायची, मग हजार लिटरला साधारण 150 ग्रॅम ब्लीचिंग पावडर घालून पाणी रात्रभर ठेवायचं आणि ते सोडून द्यायचं. प्यायचं पाणी त्यानंतर. लिफ्टची केबिन आधीच वर नेऊन मेन स्विच पाडला नसेल तर खर्च वेगळा. शिवाय शिंगणापूर, बालिंगा, नागदेववाडीचे उपसा पंप पुरात बुडाले की नळही कोरडे. 2019 आणि 2021 ला तेच झालं. 2023 च्या अखेरीस काळम्मावाडी धरणातून थेट पाइपलाइन आली, त्यामुळे एकाच नदीवरचा भार हलका झाला आहे.

वरच्या अंगाची अडचणही पाण्याचीच, पण उलटी. पाणी उपसून चढवावं लागतं, वीज गेली की पाणी सोडण्याची पाळी चुकते, आणि चढाच्या टोकाच्या घराला दाब कमी मिळतो. मात्र या अडचणीला हिशेब आहे. चार माणसांना माणशी 135 लिटर धरले तर दिवसाला 540. एक दिवसाआड पाणी आणि त्यात एक पाळी चुकली तर चार दिवसांचे 2160 लिटर. खाली पाच हजारांची टाकी बांधा, तिच्यात पाणी पडणाऱ्या नळाचं तोंड रस्त्याच्या पातळीपेक्षा खाली ठेवा, म्हणजे कमी दाबाचं पाणीही आपसूक पडतं. एप्रिल-मेमध्ये टँकर लागू शकतो, तेव्हा गल्लीत टँकर वळतो का ते आधी बघा. बऱ्याच घरांना सेप्टिक टँक आहे. मुरमात शोषखड्डा चांगला चालतो, फक्त बोअरपासून तो 15 मीटर तरी लांब हवा. प्लॉट गुंठेवारीतला (शेतजमिनीचे गुंठ्यागुंठ्याने तुकडे पाडून विकलेला) आहे की एनए (बिगरशेती) झालेला, हे वकिलाकडून पाहून घ्या.

घरात आजारी माणूस असेल, दवाखाना जवळ हवा असेल, तर रमणमळा चुकीचा म्हणवत नाही. तिथेही गल्लीगल्लीत फरक आहे. पण टाकी बांधून सुटणारी अडचण आणि सगळ्या बिल्डिंगने एकमताने संडास बंद ठेवल्याशिवाय न सुटणारी अडचण यांत निवडायचं, तर मी चढ चढेन.

तरीही नदीकडेच घ्यायचं ठरलं, तर जागा निळ्या पूररेषेच्या (हिच्या आत बांधकामाला मनाई असते) आत नाही ना, हे आधी पूररेषेच्या नकाशावर पाहा. निळ्या आणि तिच्याबाहेरच्या, मोठ्या पुराच्या लाल रेषेच्या मधे असेल तर जोत्याची पातळी लाल रेषेच्या पातळीपेक्षा किमान 0.45 मीटर वर हवी. मग पार्किंगमध्ये उभं राहून वॉचमनला 2021 चं पाणी कुठवर होतं ते भिंतीवर हात लावून दाखवायला सांगा. मीटर बोर्ड त्या हाताच्या वर आहे का, खालच्या टाकीचं झाकण कुठे आहे आणि शेवटचं चेंबर कोणत्या बाजूला आहे, एवढं बघूनच टोकन द्या.