बडोद्याच्या दांडिया बाजारातलं जुनं घर चुन्यात दुरुस्त करून घेतलं : दहा महिने राहिल्यानंतरचा अनुभव

आमच्या घराचं काम २०२४ च्या दिवाळीनंतर काढलं आणि २०२५ च्या अक्षय्य तृतीयेला आम्ही परत राहायला आलो. आता दहा महिने झालेत. मुद्दामच एक अख्खा पावसाळा जाऊ दिला आणि मग लिहायला बसलो. बडोद्यात जुनी घरं असलेली आपली बरीच मंडळी आहेत, त्यांना उपयोग व्हावा.

घर पणजोबांनी बांधलेलं. विटांच्या दीड हात जाड भिंती, वलसाडी सागाचे खांब आणि तुळया, मधे चौक. पंधरा वर्षांपूर्वी एका ठेकेदाराने खालच्या मजल्याला सिमेंटचा गिलावा आणि वरून प्लॅस्टिक पेंट लावून दिला. दोन वर्षं भिंती चकचकीत दिसल्या. पण जमिनीतून चढणारी ओल पूर्वी चुन्यातून वाळून जायची, तिला आता वाटच उरली नाही. गुडघ्यापर्यंतची ओल छातीपर्यंत चढली, लोणा (भिंतीतून बाहेर येणारा पांढरा खार) लागला, गिलाव्याचे पोपडे पडू लागले. भिंतीत बसलेली तुळयांची टोकं आतल्या आत कुजत गेली, ते तर आम्हाला कळलंही नाही.

तिघांनी पाहून 'पाडा आणि स्लॅब घाला' असं सांगितलं. चौथे आले ते चुन्याचं काम करणारे मिस्त्री, शेवटी काम त्यांनीच केलं. पहिल्या दिवशी त्यांनी पैशांची गोष्टच काढली नाही. थापीच्या मुठीने भिंती वाजवत घरभर हिंडले. जिथे पोकळ आवाज आला तिथे खडूने गोल केला. तुळयांच्या टोकांत सळई खुपसून पाहिली. चार ठिकाणी ती सहज आत गेली. मग ओट्यावर बसून म्हणाले, लाकूड बहुतेक शाबूत आहे, सिमेंट मात्र सगळं उतरवावं लागेल, आणि आईकडे बघून, "बा, धीरज राखजो." (आई, धीर धरा.)

धीर खरंच लागला. कळीचा (भाजलेला, अजून न विरवलेला) चुना चौकातल्या टाकीत विरवला तेव्हा पाणी खदखदून उकळलं. नंतर महिनाभर तो पाण्याखाली ठेवला. मिस्त्री रोज येऊन चिमूटभर चुना अंगठा आणि बोटात चोळून पाहायचे. कणी लागली की परत झाकण. न विरलेली कणी गिलाव्यात राहिली तर पुढे फुगून भिंतीला फोड येतात. मग वाळू आणि सुरखी (विटांची पूड) घालून मळला, गिलाव्याचे दोन हात दिले, वर नीरू (बारीक चुन्याचा शेवटचा गुळगुळीत थर) घोटला. प्रत्येक हातानंतर आठवडाभर ओलं गोणपाट. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत सावकाश दगडासारखा होतो, त्यामुळे घाई केली की तडे ठरलेलेच.

तुळयांचं काम मला सगळ्यात आवडलं. कुजलेली टोकं तेवढीच कापून जुन्याच सागाचा तिरका जोड दिला, लाकडी खुंट्या मारल्या, आणि भिंतीत टोकाभोवती बोटभर जागा मोकळी सोडली, हवा खेळायला. वायरिंगसाठी भिंती फोडू दिल्या नाहीत, पाइप वरून नेले. तेव्हा मी थोडा नाराज होतो, आता डोळ्यांना सवय झाली.

जुलैत जिन्याजवळच्या भिंतीवर वीतभर ओल दिसली आणि माझ्या पोटात गोळा आला. मिस्त्री पाहून गेले, म्हणाले हात लावू नका. नवरात्रापर्यंत ती आपोआप वाळली, डागसुद्धा राहिला नाही. आईच्या लुगड्यांच्या कपाटाला मागून दरवर्षी बुरशी यायची. यंदा कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ठेवलं आणि लुगड्यांना कुबट वास आला नाही. आईने दिवाळीला ती बाहेर काढली तेव्हा एकेक हुंगून पाहिली. मे महिन्यात खालची खोली वरच्यापेक्षा बरीच गार होती.

तक्रारीही आहेत. चार महिने सांगितलेलं काम साडेपाच महिन्यांवर गेलं आणि तेवढं भाडं अंगावर पडलं. भिंतीला टेकलं की कपड्यांना पांढरं लागतं. जड कपाटं टांगता येत नाहीत, लाकडातच खिळा मारावा लागतो. आणि माडीवरची मोरी : ऑगस्टमध्ये फरशीच्या सांध्यातून पाणी झिरपून खालच्या तक्तपोशीला (लाकडी छताला) डाग पडला. चूक त्यांच्या माणसाची होती. मिस्त्रींनी एक पैसा न घेता सगळी फरशी उखडून पुन्हा बसवली, पण आमचे आठ दिवस हाल झाले. लाकडी माडीवर मोरी नकोच, असं माझं आता ठाम मत आहे. जागा असेल तर ती खाली चौकाकडेला काढा.

असा माणूस शोधताना दरपत्रकाआधी त्याला एकच विचारा, चुना किती दिवस भिजवणार? 'तयार पोत्यातला वापरू' म्हणाला तर पुढे बोलू नका.

गेल्या आठवड्यात मिस्त्री न बोलावता आले. जिन्यापाशी ओळंबा सोडून पाहिला, चारही जोडांवरून हात फिरवला, चहा घेतला. उरलेला चुना चौकाच्या कोपऱ्यात पिंपात पाण्याखाली आहे. पाणी आटू देऊ नका, वर्षानुवर्षं टिकेल, डागडुजीला तोच वापरू, असं सांगून गेले. आई रोज सकाळी तुळशीला पाणी घातलं की एक तांब्या त्या पिंपातही ओतते.