डॅम्पर, पुली की व्हीएफडी? फॅनचं वीजबिल कमी करताना

महापेतल्या एका ऑफिस इमारतीची एएचयू रूम, म्हणजे एसीची हवा खेळवणाऱ्या मोठ्या फॅनची खोली. डॅम्परचा (हवेच्या वाटेतल्या झडपेचा) दांडा बाइंडिंग वायरने अर्ध्यावर बांधलेला आणि शेजारी 10 एचपीची मोटर पूर्ण वेगाने घोंघावतेय. हवा जास्त होतेय अशी तक्रार आली, म्हणून कुणीतरी हवेची वाट अडवली. मोटरला त्याचा पत्ताच नाही.

डॅम्परने बिल थोडंफार उतरतं, पण फॅनचा वेग कमी केला तर चित्र बदलतं. हवा वेगाच्या प्रमाणात घटते, पॉवर मात्र वेगाच्या घनाच्या प्रमाणात. व्हीएफडी म्हणजे विजेची फ्रिक्वेन्सी बदलून मोटरचा वेग कमी-जास्त करणारी ड्राइव्ह. तिने मोटर 50 हर्ट्झऐवजी 40 वर चालवली की हवा 80 टक्के मिळते आणि पॉवर जवळपास 51 टक्केच लागते.

आकडे मांडूया. 10 एचपी म्हणजे साधारण 7.5 किलोवॅट, दिवसाला 12 तास, वर्षाला 300 दिवस : 27,000 युनिट. युनिटला 12 रुपये धरले (तुमच्या बिलावरचा दर घाला) तर 3,24,000 रुपये. 40 हर्ट्झला, ड्राइव्ह स्वतः खाते ती वीज धरून, साधारण 4 किलोवॅट : 14,400 युनिट. फरक दीड लाखाचा. पण हा कागदावरचा फरक. डॅम्पर अर्धा बंद असेल तर मोटर आजही 7.5 पेक्षा कमीच ओढत असणार. कोटेशन मागवण्याआधी प्रत्यक्ष किलोवॅट मोजून घ्या. विक्रेता नेमप्लेटवरूनच हिशोब करतो.

आता जी गोष्ट विक्रेता सहसा सांगत नाही ती. बारा महिने 80 टक्केच हवा पुरत असेल आणि फॅन बेल्टवर असेल, तर पुली (बेल्ट ज्यावर फिरतो ते चाक) बदलून वेगळ्या मापाची लावा, म्हणजे फॅन कायम कमी वेगाने फिरेल. तीच बचत किरकोळ खर्चात होते, शिवाय बिघडायला इलेक्ट्रॉनिक्स नाही. अडचण एकच : पुढे मजल्यावर माणसं वाढली तर पुन्हा पुली बदला. आणि मोटर थेट फॅनला जोडलेली असेल तर हा पर्याय बाद.

व्हीएफडीचे पैसे वसूल होतात ते मागणी वर-खाली होते तिथे. उत्तम उदाहरण म्हणजे बेसमेंट पार्किंग : सकाळी-संध्याकाळी गाड्यांची रांग, दुपारी शुकशुकाट. गाड्यांच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड मोजणारा सेन्सर फॅनचा वेग ठरवतो. सुरुवातीला झटका नसल्यामुळे बेल्टही जास्त टिकतात.

पण सेन्सर चालू हवा. घोडबंदर रोडवरच्या एका सोसायटीत पॅनल उघडलं तर डिस्प्लेवर 50.00, म्हणजे पूर्ण वेग. सेन्सर बंद पडला, कुणीतरी ड्राइव्ह हँडवर (सेन्सरऐवजी हाताने ठरवलेल्या वेगावर) टाकली आणि ती तशीच राहिली. म्हणजे बचत शून्य, वर ड्राइव्हचा तीन-चार टक्के तोटा. पॅनलच्या जाळीवर कबुतराची पिसं होती, ते वेगळंच.

आपल्याकडच्या पावसाळ्यात बेसमेंटची भिंत पाझरते, त्यामुळे पॅनल कुठे बसणार ते आधी बघा. स्टार-डेल्टाचा (मोटर सुरू करायच्या साध्या स्टार्टरचा) कॉन्टॅक्टर रात्री अकरालाही कोपऱ्यावरचा इलेक्ट्रिशियन बदलून देतो. ड्राइव्ह बिघडली तर सुटा भाग येईपर्यंत थांबावं लागतं. म्हणून कोटेशनमध्ये बायपास (ड्राइव्ह वगळून फॅन थेट विजेवर चालवायची सोय) आहे का ते विचाराच. तोच फॅन आगीत धूर बाहेर काढणारा असेल तर बायपासला पर्याय नाही. शिवाय अलार्म वाजताच फॅन पूर्ण वेगाला गेला पाहिजे आणि ड्राइव्हने स्वतःला वाचवायला मध्येच ट्रिप होता कामा नये. ही चाचणी तुमच्यासमोर करून दाखवल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नका.